नॅनोच्या जर्नलमध्ये पेपर टाकायचाय? कोकणातल्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातली एमएस्सी नि पीएचडीची मुलं वर्षभर तेच तेच प्रश्न पाठवत असतात, अर्धे व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्धे रात्री अकरानंतर. मी शिकवतो आणि मधूनमधून रिव्ह्यूही करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी काय चालतं ते थोडंफार बघितलंय. सगळं एकदाच लिहून ठेवतोय, यापुढे लिंक पाठवेन.

नॅनोचं जर्नल म्हणजे नक्की काय छापतात त्यात?

साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या गोष्टींवरचं संशोधन. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आपला केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. पण नुसतं बारीक असून भागत नाही, हे पहिल्यांदा डोक्यात बसवा. बारीक झाल्यामुळे काहीतरी वेगळं घडलं पाहिजे. सोन्याचे कण पंधरा-वीस नॅनोमीटरचे झाले की पाण्यात लालभडक दिसतात, पिवळे नाही, तो वेगळेपणा. घराच्या मागच्या अळूच्या पानावर पाणी का थांबत नाही, तर पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यावर मेणाचे त्याहून बारीक स्फटिक असतात म्हणून. १९९७ मध्ये बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी कमळाच्या पानाचा जो प्रसिद्ध पेपर लिहिला त्यात अळूसुद्धा होता. म्हणजे विषय परसात आहे, फक्त मोजायला मशीन लागतं.

कुठली जर्नल आहेत? सर म्हणतात चांगल्या ठिकाणी टाक, चांगलं म्हणजे कुठलं?

ब्रिटनच्या आयओपी या प्रकाशकाचं ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ १९९० पासून चालू आहे, फक्त नॅनोला वाहिलेलं सगळ्यात जुन्यांपैकी एक. अमेरिकन केमिकल सोसायटीचं ‘नॅनो लेटर्स’ २००१ चं आणि ‘एसीएस नॅनो’ २००७ चं. वायलीचं ‘स्मॉल’ २००५, ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’ ऑक्टोबर २००६, ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचं ‘नॅनोस्केल’ २००९. जर्मनीच्या बाइलश्टाइन संस्थेचं ‘बाइलश्टाइन जर्नल ऑफ नॅनोटेक्नॉलॉजी’ २०१० पासून, त्याच्याबद्दल खाली पैशांच्या प्रश्नात बोलू. आपल्याकडचं बघायचं तर बंगळुरूच्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचं ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’, त्यात नॅनोवरचं बरंच काम छापून येतं.

चांगलं म्हणजे कुठलं, तर जिथे तुमच्यासारखं काम वाचणारे लोक आहेत ते. तुमच्या पेपरच्या संदर्भयादीत जी तीन-चार जर्नल परत परत येतायत ना, तीच तुमची यादी. ‘नेचर नॅनो’ला पहिलाच पेपर पाठवणारी मुलंही बघितलीयत. पाठवायला कोणी अडवत नाही, पण दोन-तीन आठवडे वाट बघण्यात जातात आणि मग सर चिडतात.

पीअर रिव्ह्यू म्हणजे आत नेमकं काय होतं?

तुम्ही पेपर अपलोड केला की आधी ऑफिसात तपासणी होते, फाइली आहेत का, चोरी तपासणारं सॉफ्टवेअर काय म्हणतंय, वगैरे. मग एडिटर वाचतो. त्याला वाटलं हे आपल्या जर्नलचं नाही, तर तिथूनच परत. वाटलं पुढे जावं, तर तो त्याच विषयात काम करणाऱ्या दोन-तीन जणांना विचारतो, हे वाचून मत द्याल का. त्यातले बरेच नाही म्हणतात किंवा उत्तरच देत नाहीत, आणि तुम्हाला ‘अंडर रिव्ह्यू’ दिसत असतं तेव्हा एडिटर बिचारा सहाव्या-सातव्या माणसाला मेल करत असतो. या रिव्ह्यूअरना पैसे मिळत नाहीत. बहुतेक जर्नलमध्ये त्यांना तुमचं नाव दिसतं, तुम्हाला त्यांचं दिसत नाही, काही ठिकाणी दोन्ही बाजूंची नावं झाकतात.

मग निकाल. जसाच्या तसा स्वीकारला, हे जवळजवळ कोणाचंच होत नाही. मायनर रिव्हिजन, मेजर रिव्हिजन किंवा रिजेक्ट. मेजर रिव्हिजन आलं की रडायचं नाही, ती चांगली बातमी आहे, एडिटरला पेपर हवाय असा त्याचा अर्थ.

रिव्ह्यूअर तुमची हुशारी तपासत नसतो. त्याचा प्रश्न एकच असतो, तुम्ही जे म्हणताय ते तुमच्या डेटावरून खरंच निघतं का. बाकी सगळे प्रश्न त्याचीच पिल्लं.

आमच्या आईने विचारलं, “छापून इला मगे पैसे किती गावतले?”

आईंना सांगा, काय गावणा नाय. उलट कधी कधी द्यावे लागतात.

म्हणजे पेपर छापायला पैसे लागतात?

दोन रस्ते आहेत. एक जुना, सबस्क्रिप्शनचा: वाचणारा (म्हणजे त्याची लायब्ररी) पैसे भरतो, लेखकाला फुकट. दुसरा ओपन अ‍ॅक्सेस: वाचायला जगाला फुकट आणि फी लेखकाच्या डोक्यावर. बरीच मोठी जर्नल दोन्ही रस्ते ठेवतात. ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’मध्ये ओपन अ‍ॅक्सेस घेतलं तर नऊ हजार युरोंच्या वर जातं, तेवढ्यात गावात जमिनीचा तुकडा बघता येईल. पण तिथेच सबस्क्रिप्शनने छापलं तर लेखकाला शून्य. हा पर्याय फॉर्ममध्ये असतो आणि मुलं घाईघाईत भलत्याच चौकोनात टिक करून बसतात, म्हणून त्या पानावर सावकाश वाचा.

तिसरा प्रकारही आहे, वाचायला फुकट आणि लेखकालाही फुकट. ‘बाइलश्टाइन जर्नल ऑफ नॅनोटेक्नॉलॉजी’ तसं आहे, खर्च संस्था करते. रिव्ह्यू कडक असतो हो, फुकट म्हणजे सोपं नाही. ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’सुद्धा लेखकाकडून पानांचे पैसे घेत नाही.

फी माफीसाठी अर्ज करता येतो, पण मोठे प्रकाशक ज्या गरीब देशांना आपोआप माफी देतात त्या यादीत भारत सहसा बसत नाही. म्हणून ‘आपण विकसनशील देश, माफ होईलच’ असं धरून चालू नका. आधी विचारा, लेखी उत्तर घ्या, मग सबमिट करा.

कोकमापासून चांदीचे नॅनोकण केलेत. छापतील का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कोकम, आंबा, काजू, फणस, जांभूळ, शेवगा, अडुळसा, एकही पान सुटलेलं नाही. वनस्पतीच्या अर्काने सिल्व्हर नायट्रेटचं चांदीत रूपांतर होतं हे हजारो वेळा छापून झालंय, त्यामुळे ‘आम्ही पण केलं, आमच्या झाडाने केलं’ एवढ्यावर चांगलं जर्नल दार उघडत नाही. झाड नवीन असणं म्हणजे विज्ञान नवीन असणं नव्हे. पण काम वाया गेलं असंही नाही, प्रश्न बदला. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे, गार्सिनॉल आहे, लाल रंग देणारी अँथोसायनिन आहेत, यातलं कोण काम करतंय? नुसतं हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल घेतलं तर कण होतात का? पीएच बदलला तर आकार बदलतो का? आता हा पेपर झाला.

आणि एक पक्कं कोकणी कारण सांगतो, ज्याने दरवर्षी कोणाचा तरी पेपर अडकतो. काही मुलं घरातलं आगळ (कोकमाचा साठवलेला रस) आणतात, तयार अर्क मिळाला म्हणून खूश. अरे, आगळात मीठ असतं! मीठ म्हणजे क्लोराइड, आणि सिल्व्हर नायट्रेटमध्ये क्लोराइड गेलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका खाली बसतो. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी वापरलं तरी तेच, आणि समुद्राच्या वाऱ्याला असलेल्या झाडाची पानं नीट न धुता उकळली तरी थोडंफार तेच. मग एक्सआरडीमध्ये (एक्स-किरण टाकून स्फटिक ओळखायची चाचणी) चांदीचे ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांचे पीक, म्हणजे आलेखातली टोकं, दिसतात त्यांच्या शेजारी २७.८, ३२.२ आणि ४६.२ ला आगंतुक पीक उभे राहतात. मुलं त्यावर लिहितात ‘हे वनस्पतीतल्या सेंद्रिय पदार्थांचे पीक’. नाही हो, ते सिल्व्हर क्लोराइड आहे, आणि ज्या रिव्ह्यूअरने असे चार पेपर बघितलेत तो पाच सेकंदांत ओळखतो. ताजी फळं घ्या, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, अर्क काढायलाही डिस्टिल्ड पाणीच वापरा, आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब आधी थोड्याशा अर्कात टाकून बघा, लगेच दुधाळ झालं तर तिथेच थांबा.

जंतूंवर चाचणी केली असेल तर आणखी एक. नुसता अर्क, नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि तुमचे कण, तिन्ही एकाच प्लेटवर पाहिजेत. कोकमाचा अर्क आंबट असतो, त्यानेही जंतू मरू शकतात, चांदीच्या आयनानेही मरतात. तुलना नसेल तर नॅनोकणांनी काय केलं ते कोणालाच कळत नाही.

मग इथलं वेगळं असं काय आहे ज्यावर काम करता येईल?

भरपूर आहे की. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, त्यातून टायटॅनियम डायऑक्साइडपर्यंत जाता येतं (वाळू उचलायला परवानगी लागते, ती आधी बघा). मिरकरवाडा, हर्णैला कोळंबी सोलल्यावर टरफलांचे ढीग पडतात, त्यात कायटिन असतं. आम्लाने चुना काढायचा, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढायची आणि मग कडक कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटोसान, ज्याचे नॅनोकण औषधं वाहून न्यायला नि शेतीत वापरण्यावर जगभर काम चालू आहे. काजूच्या टरफलाच्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डेनॉल. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका. जांभ्या दगडात लोहाची ऑक्साइडं. यातलं कुठलंही घेतलंत तरी ‘टाकाऊपासून नॅनो’ एवढीच कथा पुरत नाही हां, विकत मिळणाऱ्या पदार्थापेक्षा यात काय बरं किंवा वाईट आहे ते मोजून दाखवायचं. वाईट निघालं तर तेही लिहा, का वाईट ते कळलं तर तोही पेपर होतो.

जुलैमध्ये एफटीआयआर घेतला, रिव्ह्यूअर म्हणतो ३४०० चा पीक पाण्याचा आहे. खरंय का?

बहुधा खरंय. एफटीआयआर म्हणजे इन्फ्रारेड किरण टाकून पदार्थात कुठले रासायनिक बंध आहेत ते बघायची चाचणी, ३४०० ही त्या आलेखावरची जागा. हा आपल्याकडचा खास त्रास, पुण्या-मुंबईच्या एसी लॅबवाल्यांना एवढा नाही. पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी करून स्पेक्ट्रम घेता ना, ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात बाटली उघडून खलात घालेपर्यंत ते ओलं झालेलं असतं, गोळी काचेसारखी पारदर्शक यायच्या ऐवजी पांढुरकी येते नाहीतर साच्यातून काढताना तडकते. मग ३४०० च्या आसपास रुंद पोट आणि १६४० च्या जवळ एक पीक, दोन्ही पाण्याचे. आणि नेमक्या त्याच जागी वनस्पतीतल्या फिनॉलचा हायड्रॉक्सिल आणि अमाइडचा कार्बोनिल दाखवायची मुलांना हौस. म्हणजे पेपरमध्ये ‘कणांवर पॉलिफिनॉलचं आवरण आहे’ असं ठासून लिहिलेलं आणि खरं तर तो रत्नागिरीचा पाऊस मोजलेला.

उपाय महागाचा नाही. ब्रोमाइड रात्रभर ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, गरम असतानाच सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये हलवा (जेल गुलाबी झालं असेल तर आधी ते भाजून निळं करा, आमच्याकडे ते बारा महिने गुलाबीच असतं), सॅम्पलही वाळवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, सॅम्पल न घालता नुसत्या ब्रोमाइडच्या गोळीचा स्पेक्ट्रम त्याच दिवशी घेऊन ठेवा. तो पेपरच्या पुरवणीत लावलात की रिव्ह्यूअरचं तोंड बंद. एटीआर जोडणी असलेलं मशीन मिळालं तर गोळीची भानगडच नाही, सॅम्पल तेवढं कोरडं लागतं.

एक्सआरडीवरून साइज काढलाय, तरी टीइएम मागतायत. का?

कारण दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. टीइएम म्हणजे कणांचा फोटो काढणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. एक्सआरडीच्या पीकच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने येतो तो एका सलग स्फटिकाचा आकार. एका कणात असे अनेक स्फटिक चिकटलेले असू शकतात, तो पूर्ण कण टीइएममध्ये दिसतो. आणि डीएलएसने (द्रावणातल्या कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढायची पद्धत) येतो तो पाण्यातल्या आवरणासकट फिरणारा आकार, तो बहुतेक वेळा सगळ्यात मोठा. म्हणून एकाच सॅम्पलचे १७, ३० आणि ८० असे तीन आकडे आले तर घाबरू नका, तिन्ही बरोबर असू शकतात, फक्त कुठला कशाचा ते लिहा.

शेररचं गणित मात्र हाताने एकदा करून बघा. स्थिरांक गुणिले तरंगलांबी, भागिले पीकची रुंदी गुणिले कोसाइन, एवढंच सूत्र. तांब्याच्या एक्स-किरणाची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर, स्थिरांक ०.९, चांदीचा ३८.१ अंशांचा पीक, रुंदी समजा अर्धा अंश. कोसाइन घ्यायचा तो ३८.१ चा नाही, त्याच्या अर्ध्याचा, १९.०५ चा. आणि रुंदी रेडियनमध्ये, म्हणजे ०.००८७. उत्तर १७ नॅनोमीटरच्या जवळ येतं. रुंदी अंशातच ठेवली तर येतं ०.२९ नॅनोमीटर, जे चांदीच्या एका युनिट सेलच्या (स्फटिकात परत परत येणारी सगळ्यात छोटी पेटी) बाजूपेक्षाही (०.४०९) छोटं आहे, असा स्फटिक असूच शकत नाही. तरीही असे आकडे एक्सेलमधून थेट टेबलात येतात नि कोणी बघत नाही. मशीनची स्वतःची रुंदी वजा केली का, हाही प्रश्न येणार, उत्तर तयार ठेवा.

टीइएमच्या फोटोवरून निदान शंभरेक कण मोजून हिस्टोग्राम काढा, ‘इमेजजे’ सॉफ्टवेअर फुकट आहे. एकच सुंदर गोल कण निवडून ‘साइज २० नॅनोमीटर’ असं लिहू नका.

आमच्या कॉलेजात यातलं एकही मशीन नाही.

बहुतेकांकडे नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाची सामायिक उपकरण सुविधा आहे, आंबा घाट नाहीतर गगनबावडा उतरून-चढून जाणारी कित्येक मुलं तिथेच जातात. मुंबईला आयआयटीत सैफ नावाची तशीच सुविधा आहे. आय-स्टेम नावाचं सरकारी पोर्टल आहे, त्यावर देशभरातली मशीनं कुठे आहेत ते बघून स्लॉट मागता येतो. इलेक्ट्रॉनिक्सकडचं काम असेल तर बंगळुरूची आयआयएस्सी आणि आयआयटी मुंबईचा आयएनयूपी कार्यक्रम, त्यात बाहेरच्या मुलांना ट्रेनिंगसुद्धा देतात.

सॅम्पल कुरियरने पाठवत असाल तर पावडर छोट्या बाटलीत, झाकणाला पॅराफिल्म, बाहेर झिपलॉकमध्ये सिलिका जेलची पुडी. चांदीचं द्रावण तपकिरी बाटलीत. आणि नाव पर्मनंट मार्करने लिहून वर सेलोटेप, पावसात लेबल पुसलं की एस१ कुठलं नि एस२ कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर किती पाहिजे?

कशासाठी ते सांगा आधी. आकडा कसा येतो ते बघा: २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलच्या २०२२ आणि २०२३ च्या पेपरांना २०२४ मध्ये मिळालेले संदर्भ (दुसऱ्या पेपरांनी केलेले उल्लेख), भागिले त्या दोन वर्षांतले पेपर. चारशे पेपर, दोन हजार संदर्भ, तर ५. हा आकडा क्लॅरिव्हेट कंपनी दरवर्षी जूनमध्ये काढते, कल्पना युजीन गारफिल्ड यांची. म्हणजे ही सरासरी जर्नलची, तुमच्या पेपरची नाही. त्या चारशेतल्या पाच-दहा पेपरांनी अर्धे संदर्भ ओढलेले असतात, बाकीच्यांना एक-दोन.

नॅनोत आकडे मोठे असतात कारण माणसं जास्त, पेपर जास्त, एकमेकांना संदर्भ पटापट. गणिताच्या जर्नलचा २ आणि नॅनोचा ८ यांची तुलना करणारे लोक मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेले असतात हे मात्र खरंय, त्यांना तुम्ही तिथे काही शिकवू शकत नाही.

जर्नल फसवं आहे हे कसं ओळखायचं? मेल तर खूप छान येतात.

‘आदरणीय प्राध्यापक, आपलं अमूल्य कार्य...’ अशी सुरुवात असेल आणि तुम्ही एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असाल तर तिथेच कळायला हवं. चार दिवसांत स्वीकारतो असं आधीच सांगितलं तर रिव्ह्यू होणार नाही हे उघड आहे. फी वेबसाइटवर लिहिलेली नसते, स्वीकारल्यावर कळते, तीही यूपीआयवर. ‘ग्लोबल’ वगैरे लावलेला भलताच इम्पॅक्ट फॅक्टर. एकाच जर्नलमध्ये नॅनो, योगासनं, जीएसटी आणि मराठी कादंबरीतली स्त्री.

तपासायचं ते जर्नलच्या पानावर नाही, बाहेर. स्कोपस या जर्नलांच्या नोंदसूचीत, क्लॅरिव्हेटच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये, ओपन अ‍ॅक्सेस असेल तर डीओएजे या ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांच्या सूचीत. नाव टाकू नका, आयएसएसएन नंबर (जर्नलचा ओळखक्रमांक) टाका, कारण खऱ्या जर्नलचं नाव चोरून बनवलेल्या साइट असतात. यादीत मिळालं की यादीतल्या लिंकवरूनच साइटवर जा. एका मुलीने गूगलवरून उघडलेल्या अशाच डुप्लिकेट साइटवर पेपर नि पैसे दोन्ही दिले, पैसे गेले ते गेले, पेपर ‘छापलेला’ असल्यामुळे दुसरीकडेही टाकता येईना.

पूर्वी जेफ्री बील या अमेरिकन ग्रंथपालांची फसव्या जर्नलांची यादी असायची, ती जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. आपल्याकडची यूजीसीची मान्य जर्नलांची ‘केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता जबाबदारी कॉलेज-विद्यापीठांवर. तरी अजून ‘केअर लिस्टेड’ असा शिक्का मारून जाहिराती फिरतायत. आणि मोठं नाव म्हणजे निर्धास्त असंही नाही, वायलीने विकत घेतलेल्या हिंदावी या प्रकाशकाच्या जर्नलमधले २०२३ या एका वर्षात ८ हजारांहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. पैसे घेऊन पेपर बनवून देणाऱ्या टोळ्या आत शिरल्या होत्या.

पण पीएचडीला पेपर लागतोच ना? घाई त्यामुळेच होते.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढून टाकलीय. विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती वेगळी, तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक मागून वाचा. गाईड काय म्हणतात ते तिसरंच, ते तुम्ही आणि गाईड बघून घ्या.

जर्नल वाचायलाच मिळत नाहीत, लिहिणार काय?

जर्नल फुकट वाचायला देणारी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालीय, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास जर्नल, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी. सरकारी संस्थांसाठी आहे, तुमचं कॉलेज त्यात येतं का ते ग्रंथपालांना विचारा. बऱ्याच ठिकाणी लॉगिन आलेलं असतं नि कोणी मुलांना सांगितलेलं नसतं. नसेल तर आरकाइव्ह आणि केमआरकाइव्ह या साइटवर प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापायच्या आधीची प्रत) शोधा, तेही नसेल तर लेखकाला दोन ओळींचा मेल टाका, बहुतेक जण आनंदाने पीडीएफ पाठवतात, आपलं कोणीतरी वाचतंय याचं अप्रूप सगळ्यांनाच असतं.

फोटो जरा साफ केला तर चालतो का? बॅकग्राउंड घाण आलंय.

पूर्ण फोटोचा उजेड सारखा वाढवला तर चालतो, सांगितलं पाहिजे. एखादा कोपरा पुसला, नको असलेला कण काढला, ग्राफ ‘स्मूथ’ करून खडबड घालवली, तर नाही. ती खडबड तुमचा साक्षीदार आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबमधला यान हेंड्रिक श्योन, ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मध्ये पेपरांवर पेपर, रेणूएवढ्या ट्रान्झिस्टरचे दावे, लोक नोबेलची भाषा करत होते. वेगवेगळ्या प्रयोगांच्या ग्राफमध्ये खडबड हुबेहूब सारखी आहे हे लोकांच्या लक्षात आलं, २००२ मध्ये चौकशी झाली, मूळ डेटा मागितला तर तो नव्हताच. नोकरी गेली, पेपर मागे घेतले, पुढे डॉक्टरेटही गेली. म्हणून मशीनमधून आलेली मूळ फाइल, जेपीजी नव्हे, मूळ, दोन ठिकाणी ठेवा.

इंग्रजी कच्चं आहे, चॅटजीपीटी वापरू का?

भाषा सुधारायला वापरलंत तर मोठे प्रकाशक हरकत घेत नाहीत, पण बहुतेकांना ते पेपरमध्ये नमूद केलेलं हवं असतं, आणि त्याला लेखक म्हणून घालता येत नाही. संदर्भ मात्र त्याच्याकडून अजिबात घेऊ नका, नसलेले पेपर तो छान नावं देऊन बनवतो. प्रत्येक डीओआय (पेपरचा ओळखक्रमांक, त्याचीच लिंक होते) उघडून बघा.

नावांचा क्रम? विभागप्रमुखांचं नाव घालावंच लागतं का?

ज्याने हाताने काम केलं नि लिहिलं तो सहसा पहिला, ज्याची कल्पना-देखरेख तो सहसा शेवटी आणि पत्रव्यवहाराला. विभागप्रमुखांनी लॅबची किल्ली दिली तर त्यांचे आभार मानायची जागा शेवटी असते. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहितीय. बरीच जर्नल आता कोणी काय केलं ते प्रत्येक नावासमोर लिहायला लावतात, तिथे ‘किल्ली दिली’ असं लिहिता येत नाही, तेवढाच आधार. भांडण नको असेल तर काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या. आणि ओआरसीआयडी (संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक) काढून ठेवा, फुकट आहे, आपल्याकडे एकाच आडनाव-आद्याक्षराचे पन्नास जण निघतात.

रिव्ह्यूअरच्या प्रश्नांना उत्तर कसं लिहायचं?

त्याचा प्रश्न जसाच्या तसा, खाली तुमचं उत्तर, खाली पेपरात कुठल्या पानावर कुठल्या ओळीत काय बदललं. एकही प्रश्न गाळायचा नाही, मूर्खपणाचा वाटला तरी. त्याला कळलं नाही म्हणजे बहुधा आपण नीट लिहिलं नाही, वाक्य सुधारा. मागितलेला प्रयोग करणं शक्य नसेल तर तसं सरळ सांगा आणि त्या प्रयोगावर टेकलेलं विधान मवाळ करा, हे चालतं. ‘संशोधन पुढे चालू आहे’ हे उत्तर चालत नाही. रिव्ह्यूअर स्वतःचेच सात पेपर घुसवायला सांगतोय असं वाटलं तर एडिटरला नम्रपणे लिहा, जे लागू पडतात ते घ्या, बाकीचे का घेतले नाहीत ते सांगा. संतापून त्याच रात्री लिहिलेलं उत्तर पाठवू नका, सकाळी वाचा.

मराठीत लिहिता येईल का?

मूळ शोधनिबंध म्हणून या जर्नलमध्ये नाही. पण तुमचं काम सोपं करून मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेला जरूर पाठवा, गावातल्या लोकांना निदान कळेल पोरगी लॅबमध्ये काय करते.

तीन महिने झाले, स्टेटस हलत नाहीये. मेल करू का?

करा, तीन महिन्यांनी करायला काहीच हरकत नाही. मॅन्युस्क्रिप्ट नंबर विषयात टाका, दोन ओळी, आवाज चढवायचा नाही. आणि तोपर्यंत तोच पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये टाकून ठेवायचा नाही, एकाच वेळी दोन ठिकाणी पेपर असणं हा गुन्हा धरतात नि दोन्हीकडून हाकलतात. दुसरीकडे न्यायचाच असेल तर आधी पहिल्या एडिटरला मागे घेतोय म्हणून लिहा आणि त्याचं ‘काढला’ असं उत्तर आल्यावरच पुढचं अपलोड करा.